बोटातला कुकारा

रविवार, रात्री

सकाळी खाडीतला शिंगाळा साफ करताना त्याचा काटा तर्जनीत घुसला. कळ थेट कोपरापर्यंत गेली. आयेनं लगेच टोपात पाणी तापवलं. "गरम पाण्यात धर गो, ठणको उतारतलो." उतरलाही. पण तिन्हीसांजेला बोट टम्म सुजलं, लालबुंद झालं.

लॅबमध्ये रोज लीशमन स्टेननं रंगवलेल्या रक्ताच्या स्लाइडवर मी न्यूट्रोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, मोजते. फिकट गुलाबी पेशी, आत जांभळ्या केंद्रकाचे तीन-चार तुकडे, बारीक धाग्यानं जोडलेले. काचेवर त्या निपचित पडलेल्या असतात. आज त्याच माझ्या बोटात चालताहेत, हे काही केल्या मनातून जाईना.

त्यांना बोलावतं कोण? आपल्याच पेशींच्या आवरणातलं स्निग्धाम्ल. ॲराकिडोनिक आम्ल त्याचं नाव, २० कार्बनची साखळी. इजा झाली की एक विकर (एन्झाइम) ते आवरणातून सुटं करतं आणि पांढऱ्या पेशीतली विकरं त्यापासून ल्युकोट्राईन बी-४ नावाचा रेणू घडवतात. रक्तातून जाणाऱ्या न्यूट्रोफिलच्या अंगावर ह्या रेणूचे ग्राही, म्हणजे त्याला ओळखून धरणाऱ्या जागा, असतात. रेणू तिथे बसला की पेशीत कॅल्शियम वाढतं, गोल पेशी लांबट होते, वाहिनीच्या भिंतीला चिकटते, फटीतून अंग चोरून बाहेर पडते आणि रेणू जिकडे दाट तिकडे सरकत जाते. पोचल्यावर तीसुद्धा तोच रेणू सोडते, मागच्यांसाठी. रापणीच्या जाळ्याला मासळी लागल्यावर एकानं कुकारा घालावा, लांबवर ऐकू जाईल अशी हाक, तो ऐकून दुसऱ्यानं घालावा आणि बघता बघता अख्खी वाडी किनाऱ्यावर यावी, तसंच अगदी.

स्वीडनमध्ये बेंग्ट सॅम्युएलसन यांनी १९७९ मध्ये ह्या रेणूंना नाव दिलं. पांढऱ्या पेशींत सापडले म्हणून ल्युको, एकाआड एक तीन दुहेरी बंध म्हणून ट्राईन. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. एवढ्याशा चरबीच्या तुकड्यात हाक असते, हे ज्यांनी शोधलं त्यांच्याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

गेल्या आठवड्यात एका खलाशाचा हात असाच सुजला होता. रिपोर्टवर पांढऱ्या पेशी १८,०००, नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त, लिहिल्या आणि मी पुढची स्लाइड घेतली. आत केवढी धावपळ चालली असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही. त्याला "दुखतं का" एवढं तरी विचारायला हवं होतं.

आये आत्ताच बोट चाचपून गेली. "ठणकता अजून?"

ठणकतंय. सकाळी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचंय.