ती सम त्याची होती

आमच्या घरात पखवाज भिंतीला टेकून असतो आणि त्याच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावायची कणीक आई चपात्यांच्या कणकेतूनच काढून ठेवते. बाबा भजनात पखवाज वाजवतात. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, ते एका बुवांच्या बाजूला बसायचे आणि लहानपणी मी त्यांच्या मागे झांजा घेऊन. रात्री दहाला सुरू झालेली बारी पहाट होईपर्यंत चालायची. कुडाळ तालुक्यातल्या मुलाने पुढे ड्रम सेट शिकायला जावं, पाश्चात्त्य संगीतात पदवी घ्यावी आणि शेवटच्या वर्षी त्याला पारितोषिक मिळावं, हे गावात सगळ्यांना एकदम पटलं असं नाही. बाबांना पटलं. चामडं तेच, काठी नवी, एवढंच ते म्हणाले.

जानेवारीत वेंगुर्ल्याला झालेला जॅझचा कार्यक्रम त्या पारितोषिकामुळेच माझ्या वाट्याला आला. वेगवेगळ्या ठिकाणच्या संगीत पदवीधरांमधून चार पारितोषिकविजेते निवडायचे, परदेशातून आलेल्या एका ज्येष्ठ वादकाबरोबर त्यांना चार दिवस तालमीला बसवायचं आणि पाचव्या दिवशी सगळ्यांनी मिळून जाहीर कार्यक्रम करायचा, अशी योजना होती. पुण्याची पियानो वाजवणारी, नागपूरचा आल्टो सॅक्सवाला, गोव्यातल्या बार्देशचा ट्रम्पेटवाला आणि ड्रमवर मी. निवडीसाठी तीन रेकॉर्डिंग पाठवायची होती: मध्यम लयीतला ब्लूज (जॅझमधला ठरलेल्या फेऱ्याचा एक प्रकार), ब्रशने वाजवलेली संथ चाल आणि एक आपल्या पसंतीचं. ब्रशचं रेकॉर्डिंग मी अकरा वेळा केलं. तारांचे ब्रश स्नेअरवर, म्हणजे सेटमधल्या मुख्य ड्रमवर, गोल फिरवताना आवाज कुठेही तुटता कामा नये, आणि घराबाहेर कोंबडे ऐकत नव्हते.

मार्गदर्शक बाई अमेरिकेहून आल्या. साठी उलटलेल्या, वाद्य डबल बास, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं माणसाएवढं उंच वाद्य. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. मी इथे बाईच म्हणतो, शाळेतल्या सवयीने. विमानाने डबल बास आणणं म्हणजे वाद्य जिवावर उदार होऊन पाठवणं, म्हणून त्या मोप्याला फक्त आपला बो (तारांवर फिरवायचा गज) आणि कपड्यांची बॅग घेऊन उतरल्या. बास पणजीहून उसना घेतला होता आणि तो टेम्पोने येणार होता.

तो आला तेव्हा त्याची शिवण सुटलेली होती. पाठ आणि बाजूची फळी जिथे जोडतात, तिथे खालच्या अंगाला वीतभर फट. बंद टेम्पो, दुपारचं ऊन, वाटेत जेवायला थांबलेला ड्रायव्हर. आम्ही चौघे पांढरे पडलो. बाईंनी फटीत नख घालून पाहिलं आणि म्हणाल्या, चांगलं झालं, लाकूड नाही फाटलं. मग त्यांनी समजावलं. या जातीच्या वाद्यांत जोड जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या सरसाने लावतात, आणि तो मुद्दाम लाकडापेक्षा कमजोर ठेवतात. ऊब आणि ओल लागली की सरस सुटतो, म्हणजे ताण जोडावर जातो आणि फळी वाचते. पुन्हा सरस लावला की वाद्य होतं तसं. फेव्हिकॉल लावला तर पुढच्या वेळी जोड सुटणार नाही, फळीच चिरेल.

पण सरस लावणार कोण? चौघांत इथला मी एकटाच, म्हणून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मला सावंतवाडीची चितारआळी आठवली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळणी आणि फळं होतात. हलक्या लाकडाशी त्या लोकांचा हात जसा बोलतो, तसा आमच्याकडे दुसऱ्या कुणाचा बोलत नाही. बाबांच्या ओळखीचे एक काका आहेत. संध्याकाळी बास घेऊन त्यांच्या पडवीत गेलो. या वेळी टेम्पोचं मागचं दार उघडं ठेवलं होतं आणि मी वाद्याला मिठी मारून बसलो होतो.

काकांनी आधी वाद्य वाजवायलाच सांगितलं. बाईंनी एक तार छेडली, फटीपाशी जरा फरफर झाली, काकांनी मान हलवली. कोमट पाण्यात कापड बुडवून त्यांनी जुना सरस मऊ केला, पातळ सुरीने तो फटीतून खरवडून काढला. घाई नाही. सुरी पुसायची, पुन्हा पाणी, पुन्हा सुरी. सरस पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या डब्यात गरम होत होता आणि त्याचा तो ओळखीचा उग्र वास सगळ्या पडवीत भरला होता. एवढ्या फुगीर पोटाच्या वाद्याला बसतील असे शिकंजे त्यांच्याकडे नव्हते. त्यांनी नातवाला सायकलच्या दुकानात पाठवून जुन्या ट्यूबा आणवल्या, उभ्या चिरल्या आणि बासला कमरेपासून खाली घट्ट वेढे दिले. प्रत्येक वेढ्याखाली कापडाची घडी. “रातभर हात लावू नकात,” म्हणाले. बाईंनी ते सगळं मांडी घालून पाहिलं. त्यांच्या तोंडून आम्हा वादकांची अशी तारीफ पुढच्या चार दिवसांत मी ऐकली नाही, जशी त्या रात्री परत येताना काकांच्या सुरीची ऐकली.

परवानग्यांचं कामही इथला म्हणून माझ्याचकडे आलं. ते थोडक्यात सांगतो. अर्ज पोलीस ठाण्यात, ना-हरकत नगरपरिषदेची, ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. एका कार्यालयात ‘कार्यक्रमाचा प्रकार’ या रकान्यात ‘जॅझ’ लिहिलं म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्यांदा ‘पाश्चात्त्य वाद्यसंगीत’ लिहिलं, मिळाली परवानगी. असं काही करणार असाल तर निदान तीन आठवडे आधी फिरायला लागा.

तालमीचा पहिला दिवस बासशिवायच झाला आणि तो माझ्यासाठी सगळ्यात कठीण गेला. बाईंनी मला एकट्याला राइड झांज, म्हणजे सेटमधली लय धरणारी मोठी झांज, वाजवायला लावली, पाऊण तास. डिंग, डिंगऽडि, डिंग, डिंगऽडि. डाव्या पायाने हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. वाचणाऱ्याला वाटेल, पदवीधराला हे काय अवघड. हात करतो हो, पण वजन पडतं पहिलीवर. माझं सगळं बालपण समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्यात गेलेलं आहे. भजनात झांजेचा जोर समेवर, मान समेवर हलते, श्रोत्यांचा ‘वा’ही समेवर. जॅझमध्ये पहिली मात्रा असते, ती कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊकही असतं, फक्त तिच्यावर कुणी पाय देऊन उभं राहत नाही. बाईंनी उपाय दिला तो मी अजून रोज करतो. मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय देणारं यंत्र, मिनिटाला ५० वर लावायचा आणि त्याची प्रत्येक टिक दुसरी किंवा चौथी मात्रा समजायची, म्हणजे खरी लय होते १००. पहिली मात्रा कुणीच दाखवत नाही, ती आपल्या आत चालू ठेवायची. पहिल्या रात्री दहा मिनिटांत माझी टिक घसरून समेवर यायची. उलटी करायची, पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी बास आला, शिवण धरलेली. तेव्हा ब्लूज घेतला. बारा बारचा, एकेक बार चार मात्रांचा, म्हणजे बारा चोक अठ्ठेचाळीस मात्रांचा फेरा. सुरुवातीला चाल, मग एकेकाचा सोलो, शेवटी ‘फोर्स’: चार बार वाद्याचे, चार बार ड्रमचे, असं आलटून पालटून. चार बार म्हणजे सोळा मात्रा, म्हणजे आपल्या तीनतालाचं एक आवर्तन. मला वाटलं, हे तर आपलं घरचं अंगण. सॅक्सवाल्याने चार बार वाजवले, मी माझ्या चार बारांत एक तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा, बांधली आणि झोकात पुढच्या पहिल्या मात्रेवर क्रॅश झांजेसकट उतरलो. सॅक्सवाला थांबला. पुन्हा केलं, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा तो चुकून दोन मात्रा उशिरा शिरला आणि सगळ्यांचा फेरा निसटला.

बाईंनी बास आडवा ठेवला. म्हणाल्या, तुझी तिहाई सुंदर आहे, पण जिच्यावर तू उतरलास ती सम त्याची होती.

त्या रात्री झोप लागली नाही. सोळा मात्रांची तिहाई सतराव्या मात्रेवर संपते हे मला आठव्या वर्षापासून माहीत आहे. ती सतरावी दुसऱ्याच्या आवर्तनाची पहिली असते, याचा विचार करायची वेळ भजनात कधी आलीच नव्हती, कारण तिथे आवर्तन आमच्या सगळ्यांचं एकच. लोक मला सांगतात, तुमची डबलबारी म्हणजे जॅझच की, सवाल-जवाब. मीही पूर्वी तसं म्हणायचो. आता म्हणत नाही. बारीत एक बुवा आपला सवाल पूर्ण टाकतो, गजर संपतो, मग दुसरा पेटी पुढे ओढतो. समोरच्याला निरुत्तर करण्यातच तिथली शान आहे आणि ती शान मला प्यारी आहे. फोर्समध्ये मला माझं वाक्य अशा ठिकाणी सोडायचं होतं, जिथून दुसरा ते उचलू शकेल.

शिवाय गणिताची एक गोम आहे. फेरा बारा बारांचा आणि वाटे चार-चारचे, म्हणजे फेऱ्यात वाटे तीन. पहिल्या फेऱ्यात सॅक्स, ड्रम, सॅक्स. दुसऱ्यात ड्रम, सॅक्स, ड्रम. माझा वाटा एकदा मधे येतो, एकदा तोंडाला आणि शेपटाला. मी सोळा मात्रा मोजत होतो आणि त्या फेऱ्यात कुठे आहेत हे हरवत होतो. बाईंनी मोजणं बंद करायला लावलं. ड्रम वाजवता वाजवता चाल तोंडाने गायची, मोठ्याने, सगळ्यांसमोर. अमेरिकन जॅझ ड्रमर मॅक्स रोचचे सोलो त्यांनी ऐकवले, त्यांत ड्रमवर खरोखर चाल ऐकू येते. गळा माझा बेताचा, पण भजनातला आहे, मोकळा सुटतो. मी गायला लागलो तसा हात आपोआप कमी वाजवायला लागला.

तिसऱ्या दिवशी बाबा तालमीला आले, मागच्या खुर्चीवर बसले. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, “ते वाजयतत तेवा तू आयकणस नाय. तू मोजतस.” बाईंना इंग्रजीत सांगितलं बाबा काय म्हणाले ते. त्या उठून बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि उरलेला चहा दोघांनी न बोलता घेतला.

त्याच दिवशी आयोजकांपैकी कुणीतरी सुचवलं की मी शेवटच्या चिजेत पखवाज घ्यावा, लोकांना आवडेल. बाईंनी निर्णय माझ्यावर सोडला. मी नाही म्हटलं. चार दिवसांत मी राइडवर धड उभा राहायला शिकत होतो, त्यात पखवाज शोभेला आणला असता तर दोन्ही वाद्यांचा अपमान झाला असता. ज्या दिवशी पखवाजावर ब्लूजचा फेरा गाता येईल, त्या दिवशी आणीन.

ट्रम्पेटवाल्याने एका रात्री जेवताना जुन्या काळच्या एका गोवेकर ट्रम्पेटवादकाचा, चिक चॉकलेटचा विषय काढला. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातलं हळदोणे. तीसच्या दशकात मुंबईत ताज हॉटेलमध्ये लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफोर्ड अशी कृष्णवर्णीय अमेरिकन मंडळी वाजवत होती, त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी जॅझ उचललं. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली पोरं ती. चिक चॉकलेट पुढे आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागला. म्हणजे हे संगीत आमच्या कानांवर केव्हाच पडलेलं होतं, मराठी माणसाच्या चालींमधून. बाई जेवण थांबवून ऐकत होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी खरी झुंज साउंडची झाली. साउंडवाले दादा कुडाळचे, दशावतार आणि बाऱ्या करणारे, हाताला अनुभव मोठा. पण बारीच्या सवयीने प्रत्येक माइकला एको. ब्रशच्या एका फेऱ्याचे तीन फेरे ऐकू यायला लागले. मी त्यांना म्हटलं, दादा, आज एको पूर्ण बंद. त्यांना वाटलं आवाज कोरडा पडेल, कार्यक्रमाची रया जाईल. मग बाईंनी माइकशिवाय बास वाजवला आणि दादांना मैदानाच्या टोकाला जाऊन उभं राहायला सांगितलं. ते परत आले, एको बंद केला, बासचा माइक स्वतः दोनदा सरकवला. अर्थिंगची घरघर येत होती तीही त्यांनीच शोधून काढली.

संध्याकाळी बंदराकडून वारा होता. तीनेकशे माणसं असतील, पुढच्या रांगेत आमच्या भजन मंडळाची. संथ चाल चांगली झाली, पियानोवालीने ती इतकी हळू घेतली की ब्रश हातात जड झाले. मग ब्लूज सुरू झाला आणि पहिल्याच फेऱ्यात मंडळाने टाळ्या धरल्या. पहिलीवर आणि तिसरीवर. अगदी झांजेसारख्या, एका हाताच्या.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी भुवई उडवली, बास चालूच. टाळ्या थांबवायला हात वर करण्याचा विचारही मनात आला नाही, माझीच माणसं होती ती. मी हाय-हॅट थोडा कडक केला, दुसरी आणि चौथी. त्यांची टाळी, माझा पाय, त्यांची टाळी, माझा पाय. दोन फेऱ्यांनंतर ते एकमेकांत बसलं. फोर्स आले. सॅक्सवाल्याने चार बार टाकले, मी चाल गुणगुणत माझे चार घेतले आणि शेवटच्या बारची चौथी मात्रा वाजवून हात उचलला. पहिली मोकळी ठेवली. तो तिच्यावर असा काही आला की बाबांच्या रांगेतून ‘वा’ आली.

दुसऱ्या दिवशी बास परत पोचवायला मी आणि बाई टेम्पोने निघालो. बाई म्हणाल्या, सावंतवाडीवरून जाऊ. काका पडवीतच होते, आंब्याच्या एका लाकडी फळाला रंग देत. बाईंनी बास उतरवून तिथेच उभ्या उभ्या ब्लूजचा एक फेरा वाजवला. काकांनी कुंचला ठेवला, हात धोतराला पुसला आणि त्या वाजवत असतानाच वाद्याच्या खालच्या अंगाला, जोडावर, तळवा टेकवून ठेवला. फेरा संपेपर्यंत काढला नाही.

“धरल्यान,” म्हणाले.