माळावरच्या गवतात स्टायलो

आमचं जतकडचं मुरमाड रान, चार एकर माळ नुसता कुसळीनं भरलेला. ती कुसळी वाळली की मेंढरांच्या लोकरीत घुसते, तोंडाला टोचते आणि खाऊन अंगाला काही लागत नाही. थंड देशात कुरणात क्लोव्हर नावाचं शेंगवर्गातलं चाऱ्याचं रोप पेरतात, तिथं हिवाळा संपता संपता गोठलेल्या जमिनीवरच बी फेकतात, जमीन गोठून वितळताना भेगाळते आणि बी आपोआप आत जातं. पण तसलं क्लोव्हर आपल्या माळावर टिकणार नाही, आणि बरसीम हे पण क्लोव्हरच आहे पण त्याला पाणी लागतं, ते आणायचं कुठनं? म्हणून स्टायलो घेतलं, हे पण शेंगवर्गातलंच चाऱ्याचं रोप, पण कमी पाण्यावर येणारं.

पहिल्या वर्षी सगळं बी वाया गेलं. गवत उभंच होतं आणि मी वरनं फेकत सुटलो, आण्णा बांधावरनं म्हणाले, "आरं, बी मातीला लागलं तर उगवंल न्हवं?" खरंच, बी वाळक्या काडीवरच अडकून बसलं होतं, राहिलेलं मुंग्यांनी नेलं.

मग गेल्या मे महिन्यात आधी मेंढरं बसवली, गवत पार बुडापर्यंत खाऊ दिलं, माती दिसायला लागली. स्टायलोच्या बियाचं टरफल लय कडक असतं, म्हणून ८० अंशाच्या आसपास गरम पाण्यात चार मिनिटं ठेवून लगेच सावलीत पसरलं. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर एकराला चार किलो बी वाळूत मिसळून फेकलं आणि वरनं एकदा मेंढरं फिरवली, बस, खुरानंच दाबलं गेलं. माती वर ओढायची नाही, बी बारीक आहे, खोल गेलं की वर येत नाही. युरिया तर अजिबात नको, गवतच माजतं आणि रोप झाकून टाकतं, सुपर फॉस्फेट चालतं.

रोप पहिल्यांदा लय हळू वाढतं, जुलैत मला वाटलं परत गेलं. गवत वर चढायला लागलं तसं दोनदा तासभर मेंढरं सोडून शेंडे खाऊ दिले, म्हणजे खालच्या रोपाला ऊन मिळालं. सप्टेंबरात एक रोप उपटलं, मुळाला ज्वारीपेक्षा बारीक गाठी, नखानं फोडली तर आत गुलाबी. हवेतला नायट्रोजन इथंच धरला जातो, गुलाबी दिसली म्हणजे गाठ काम करतीय, ते बघून मी आण्णांना हाक मारली.

यंदा दोन एकर पिवळी फुलं गळून बी झडेपर्यंत राखून ठेवलेत, तिकडं एक पण मेंढरू सोडलं नाही.