बाजूला ठेवलेलं यंत्र

४ जून २०२४ ला लोकसभेच्या मतमोजणीत मी पर्यवेक्षक होते. मुंबई परिसरातला मतदारसंघ, लढत धनुष्यबाण विरुद्ध मशाल. कोणता ते सांगणार नाही आणि यंत्रांतले आकडेही सांगणार नाही. गोपनीयतेची शपथ घेतली आहे. पण त्या दिवशीचं एक कंट्रोल युनिट, म्हणजे मतदान यंत्राचा मतं साठवणारा भाग, अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

कोणतं टेबल मिळणार हे पहाटे पाचच्या रँडमायझेशनमध्ये, म्हणजे संगणकी सोडतीत ठरतं. मोबाइल बाहेर जमा करावा लागतो, त्यामुळे दिल्लीत काय चाललंय हे सगळ्यांत उशिरा आम्हालाच कळतं. भाजप २४० वर थांबला, हे मला रात्री घरी जाताना रिक्षावाल्यानं सांगितलं.

माझ्या टेबलासमोर जाळीपलीकडे दोन प्रतिनिधी शेजारी बसले होते. पन्नाशीचे गृहस्थ धनुष्यबाणाचे, तिशीतला मुलगा मशालीचा. २०१९ मध्ये दोघं एकाच शाखेतले, एकाच उमेदवारासाठी राबलेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगानं पक्षाचं नाव आणि चिन्ह शिंदे गटाला दिलं. मुलगा त्यांना अजून ‘भाऊ’च म्हणत होता, पण मान दुसरीकडे वळवून. देशभर मोदी की राहुल गांधी अशी चर्चा होती. या दोघांना आपल्या वस्तीत खरी शिवसेना कोणाची, एवढंच बघायचं होतं.

यंत्र आलं की आधी पेटीचं सील, मग युनिटचा क्रमांक, मग हिरव्या कागदी सीलचा क्रमांक तपासायचा. ‘टोटल’ दाबून एकूण मतं १७-सी फॉर्मशी, म्हणजे केंद्रावर किती मतं पडली त्याच्या नोंदीशी जुळवायची. जुळली तरच सील फोडून ‘रिझल्ट’ दाबायचं आणि प्रत्येक उमेदवाराचा आकडा जाळीकडे वळवून दाखवायचा. हे काम मी घाईनं कधीच करत नाही, मागून कोणी कितीही ओरडलं तरी.

त्या युनिटची ‘टोटल’ फॉर्मपेक्षा बरोबर ५० नं जास्त आली. मतदानाआधी प्रतिनिधींसमोर यंत्र तपासायला किमान ५० मतांचं अभिरूप मतदान (मॉक पोल) घेतात आणि नंतर ‘क्लिअर’ दाबून ती मतं पुसतात. इथं पुसलीच नव्हती. केंद्राध्यक्षांच्या प्रशिक्षणात हे दहादा सांगतात, पण दोन-अडीचशे माणसं एका सभागृहात कोंबून पडद्यावर दाखवलेलं प्रशिक्षण कोणाच्या हाताला लागणार?

मी तोंड उघडण्याआधी दोघंही आपापली १७-सीची प्रत घेऊन उभे होते. जाळीला चिकटून दोघांनी एकमेकांच्या प्रती ताडून पाहिल्या. सकाळपासून पहिल्यांदाच ते एकमेकांकडे बघून बोलत होते. मी तेव्हाचा नियम सांगितला: यंत्र बाजूला ठेवायचं, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना कळवायचं. विजयाचा फरक अशा केंद्रांवरच्या एकूण मतांएवढा किंवा त्याहून कमी असला, तरच तिथल्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताबरोबर छापल्या जाणाऱ्या चिठ्ठ्या मोजायच्या.

“आणि फरक जास्त निघाला तर?” मुलानं विचारलं.

“तर मोजत नाहीत.”

“मॅडम, तो आमचा बूथ आहे,” भाऊ म्हणाले. “उद्या महापालिका आली की याच आकड्यावर आमची किंमत ठरणार. जिंकू नाहीतर हरू, पण आहे काय आत ते तरी कळू द्या.” मुलगा म्हणाला, “भाऊ बरोबर बोलतायत.”

फरक मोठा निघाला. त्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या नाहीत.

निकाल बदलणार नव्हता, हे मला मान्य आहे. पण २० मे च्या उन्हात मुंबईतल्या रांगा किती रेंगाळल्या होत्या, ते सगळ्यांनी पाहिलंय. त्या केंद्रावरच्या शेकडो माणसांच्या बोटाला शाई लागली आणि त्यांचं मत कोणत्याच बेरजेत आलं नाही. त्याच निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा फक्त ४८ मतांनी पुढे राहिले. तिथं असं यंत्र निघालं असतं, तर नियमानंच चिठ्ठ्या मोजाव्या लागल्या असत्या. पडताळणीसाठी दर विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या आपण मोजतोच. मग बाजूला ठेवलेल्या केंद्राच्याही तेव्हा मोजायला हव्या होत्या, फरक कितीही असो. फार तर निकालाला तास-दीड तास उशीर झाला असता.