डालग्याखालचा कोंबडा

परवा दुपारी तीनच्या सुमारास शेजारच्या बिऱ्हाडात कोणाच्या तरी मोबाइलमधला कोंबडा आरवला आणि माझी वामकुक्षी मोडली. अवेळी कोंबडा आरवला की मला कुडाळजवळच्या आमच्या घराच्या पडवीतले डालगे दिसू लागते, आणि मग पुन्हा झोप लागत नाही.

भातकापणी उरकल्यानंतरची ती दुपार होती. परसातला कोंबड्यांचा कलकलाट ऐकून आम्ही धावलो, तेव्हा एक मुंगूस कुंपणातून सटकले. मागे उरली ती शेपटीची लांब, काळी-हिरवी पिसे आणि मान टाकून पडलेला आमचा तांबडा कोंबडा. आजीने त्याला उचलून घेतले, फुंकर घालून मानेवरची पिसे बाजूला केली आणि "जीव आसा अजून," एवढेच म्हणाली. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने तिने दातांच्या खुणा धुतल्या, त्यांत खोबरेलात कालवलेली हळद भरली आणि डालग्यावर गोणपाट टाकून आत अंधार केला. बाकीच्यांना तो दिसू द्यायचा नव्हता, कारण रक्त दिसले की घरच्याच कोंबड्या टोचून टोचून जखम मोठी करतात. चोचीत पाणी ओतायलाही मला सक्त मनाई होती. ते श्वासनळीत गेले तर मुंगसाचे अर्धवट राहिलेले काम आपणच पुरे करू, असे आजीचे म्हणणे. म्हणून मी करंगळी पाण्यात बुडवून चोचीच्या कडेला लावत असे. पंखाखाली हात घातला की चुलीपाशी धरल्यासारखा वाटे, आणि त्याला ताप भरला आहे असे मी घरभर सांगत फिरलो. कोंबड्याचे अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले.

चौथ्या दिवशी त्याने भाताची कणी टिपली. सहाव्या दिवशी, भर दुपारी, गोणपाटाखालच्या काळोखात तो फाटक्या आवाजात आरवला. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही म्हणतात. इथे झाकलेल्या कोंबड्याने स्वतःपुरते तांबडे फोडून घेतले होते.

पुढे आजी रोज त्याला मांडीवर घेऊन शेपटी चाचपत असे. मुळासकट उपटलेली पिसे पुन्हा येतात, आणि त्या जागी निळसर काट्यांसारखे कोंब दिसू लागले तेव्हा तिचा चेहरा उजळला. तिची ही माया मी आजवर अनेकांना कौतुकाने सांगितली आहे. सांगायचे टाळतो ते एवढेच, की तो कोंबडा राखणीसाठी, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला द्यायला, ठेवलेला होता आणि खोड असलेले पाखरू राखणदाराला चालत नाही, असे ती मानत असे. पौषात त्याची शेपटी भरली. त्या दिवशी मी जेवलो नाही, असेही मी सांगत असतो. मी जेवलो होतो. वडे दुसऱ्यांदा मागून घेतले होते.