पुलाच्या अलीकडे

मे महिन्यातल्या त्या दुपारी धरमपेठेतल्या बाईंच्या घरी कूलरसमोर बसून मी त्यांना त्यांच्याच नर्मदा परिक्रमेवरच्या पुस्तकाची पटकथा वाचून दाखवत होतो. ओंकारेश्वराहून निघून, नदी सतत उजव्या हाताला ठेवून, समुद्रमुखाशी नावेने उत्तर तटावर जाऊन आणि अमरकंटकाहून दक्षिण तटाने परतून त्यांनी पूर्ण केलेली वाट मी पुस्तकातल्याच क्रमाने १४८ पानांत बसवली होती. एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, आणि त्यातला बराच वेळ बाईंच्या चिंतनाच्या निवेदनाने व्यापला होता.

चालणाऱ्याच्या मनातले पुस्तकाला सांगता येते. कॅमेऱ्याला पावले, ओझे आणि वाट एवढेच दिसते. चेरिल स्ट्रेड यांच्या पायी प्रवासाच्या आत्मकथनावरून २०१४ साली आलेल्या ‘वाइल्ड’मध्ये नायिका अवजड पाठपिशवीसह उभे राहण्यासाठी मोटेलच्या खोलीत धडपडते, आणि तिने काय अंगावर घेतले आहे ते त्या धडपडीतूनच कळते. हा प्रसंग मी कितीदा तरी पाहिला होता, तरी स्वतः लिहिताना वाटेतल्या शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे जंगलात, बाईंची झालेली लूट हाच कळस मानून बसलो होतो.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “हंडियाचा पूल कुठे गेला?”

पुस्तकात त्याला दोनच ओळी आहेत. समुद्रमुख सोडले तर परिक्रमेत नदी कुठेही ओलांडता येत नाही. ओंकारेश्वर थोडक्यावर आले असताना त्यांची सोबतीण तापाने खचली, आणि तिचा मुलगा तिला इंदूरला नेण्यासाठी पलीकडच्या तटावरून, नेमावरच्या बाजूने आला. बाई पुलाच्या तोंडाशी थांबल्या. सोबतीण मुलाच्या आधाराने पुलावरून पलीकडे गेली.

“जाताना तिने परिक्रमाभर जवळ बाळगलेली तिची नर्मदाजलाची बाटली माझ्या हाती दिली. ओंकारेश्वरला मी दोन्ही बाटल्यांचे जल वाहिले.”

हे पुस्तकात का नाही, असे मी विचारले.

“ते तिचे होते रे, मी कसे लिहू?”

ज्या प्रसंगाला निवेदनाचा एक शब्दही लागला नसता, तो माझ्या संहितेत नव्हताच. मी लुटीवरची नऊ पाने बाजूला काढली आणि बाटलीचा प्रसंग घेऊ का, असे विचारले. बाई काही न बोलता उठल्या आणि सोबतिणीला विचारण्यासाठी आतल्या खोलीत फोन लावायला गेल्या.