तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी विमा कार्डावर कशाला हवी?

"सरकार गोळ्या फुकट देते, मग कार्डावर कशाला पायजे? दुकान तुमचं, फायदाही तुमचाच." गर्भनिरोधक गोळ्या विमा कार्डावर मिळाव्यात असं मी म्हणते, आणि घाटंजी तालुक्यात मेडिकलही चालवते, म्हणून हे मला ग्रामसभेत ऐकवलं जातं, लग्नाच्या मांडवातही. फायदा होईल, हो. म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही.

माला-एन ही रोज घ्यायची गोळी उपकेंद्रात फुकट मिळते, आशाताई घरपोच देतात, हे मला पाठ आहे. आधी मीही बायकांना हेच सांगून परत पाठवायची.

मग कापूस वेचणीच्या दिवसांत एक बाई शटर ओढायच्या वेळी आली. पिशवीतून आयुष्मान कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. "यावर बहात्तर घंट्याची गोळी भेटते का वो ताई?" म्हणजे संबंधानंतर तीन दिवसांच्या आत घ्यायची गोळी. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कार्ड आणि गोळी शंभराच्या घरातली. सांगितलं, हे दवाखान्यात भरती झाल्यावरच चालतं. मग म्हटलं, आशाताईंकडे जा. "ते माही जाऊच होय." म्हटलं, उधार ने, वहीत मांडते. तिनं वहीवर हातच ठेवला. "नोका लिहू. कापूस विकला का वही आमच्या घरचेच पायते."

वेचणीची मजुरी किलोवर मिळते, पण तिचे पैसे घरच्या माणसाच्या हातात पडतात. मी गोळी दिली, वहीत मांडली नाही. तिनं माठातलं पाणी घेऊन तिथेच गिळली, रिकामं पाकीट माझ्याकडेच ठेवलं. निघताना म्हणाली, "पुढच्या बारीनं काय करू?"

ही गोळी अडीनडीची. रोजच्या गोळ्या दर महिन्याला लागतात. त्या मी किती जणींना फुकट देऊ?

विम्याचा हप्ता भरणाऱ्यांनाही गोळी मिळत नाही. माझी स्वतःची खासगी पॉलिसी आहे. तिच्या अपवादांच्या पानावर, वंध्यत्वाच्या कलमातच, कोणत्याही प्रकारचं गर्भनिरोधन वगळलं आहे. विमा नियामकानं ठरवून दिलेलाच हा मजकूर, म्हणजे कंपनी बदलूनही फारसा उपयोग नाही.

तुम्ही म्हणाल, कार्डावर घेतली तर मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर जाईल. कार्ड तिच्या नावाचं असलं तरी नंबर त्याचा जोडलेला. हे मला रात्र-रात्र छळतं. नंबर तिचा जोडा, म्हणते मी. तिच्याकडे फोन कुठाय, म्हणता तुम्ही. खरं आहे, त्यावर माझ्याकडे तोड नाही. पण जावेकडे जाता येत नाही, वहीत लिहिता येत नाही, हातात पैसा नाही, अशा बाईनं पुढच्या महिन्याची गोळी कुठून आणायची, हे तुम्हीही अजून सांगितलेलं नाही.