आमची वाटचाल : पंपाच्या वाइंडिंगपासून ट्यूब अँपच्या ‘घूं’पर्यंत

खान्देशात मोटर वाइंडिंगच्या दुकानाला काम कमी पडत नाही. केळी, कापूस, बोअर, आणि उन्हाळ्यात जळालेल्या पाणबुडी मोटारींची रांग. आमचं दुकान त्यातलंच. वाइंडिंगवरून ट्रान्सफॉर्मर आले, ट्रान्सफॉर्मरवरून बँडवाल्यांचे जुने व्हॉल्व्हचे (म्हणजेच ट्यूबचे) अँप्लिफायर आणि आता ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्यांचे ट्यूब अँप. तक्रार बहुतेकांची एकच: ‘‘घूं घूं करी ऱ्हायना, भाऊ.’’ (घूं घूं करतोय.)

सुरुवातीला असा अँप आला की आम्ही सगळे फिल्टर कपॅसिटर (सप्लायचा डीसी सपाट करणारे) सरसकट बदलायचो. काही अँप गप्प व्हायचे, काही नव्या कपॅसिटरवरही तसेच गुणगुणायचे. आता आधी ऐकतो, मग मोजतो. सोल्डरिंग सगळ्यात शेवटी.

ऐकायचं काम गिऱ्हाईक फोनवरच करू शकतं. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट वाजवा. तो सूर ९८ हर्ट्‌झचा. हम, म्हणजे ती घूं, त्याच्या अगदी जवळ, किंचित वर असेल तर तो १०० हर्ट्‌झचा, म्हणजे रेक्टिफायरनंतरचा (रेक्टिफायर एसीचं डीसी करतो). एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्‌झचा: हीटर (ट्यूब तापवणारी तार), बायस (ट्यूबचा करंट ठरवणारं निगेटिव्ह व्होल्टेज) किंवा अर्थिंग. व्हॉल्यूम फिरवल्यावर हम कमीजास्त झाला तर दोष व्हॉल्यूमच्या आधी. जराही हलला नाही तर नंतर.

अँप उघडला की पहिलं काम डिस्चार्ज. बंद अँपमध्येही ४०० व्होल्टच्या वर साठा राहतो. १० किलोओहम, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर क्लिपने पाच-दहा सेकंद लावायचा, मीटरवर शून्य बघायचं आणि रेझिस्टर तसाच लावून ठेवायचा, कारण या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये थोडं व्होल्टेज परत चढतं. चालू करताना रेझिस्टर काढून, १०० वॅटचा बल्ब सिरीजला. तो फिलामेंटचाच हवा, एलईडी इथे कुचकामी.

मग अँप बंद करून पुढच्या बाजूने एकेक व्हॉल्व्ह काढत, चालू करून ऐकत जायचं. ज्याच्या काढण्याने हम थांबला, तो टप्पा पकडायचा. फेज इन्व्हर्टर (आउटपुट ट्यूबच्या आधीचा व्हॉल्व्ह) काढूनही हम तसाच राहिला तर दोष आउटपुट ट्यूब किंवा सप्लायमध्ये. पहिल्या ४७ मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरवर १०० मिलिअँपिअर भार असेल तर मीटरच्या एसी रेंजवर पाच-सहा व्होल्ट रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) दिसणं रास्त आहे. त्याच्या दुप्पट-तिप्पट दिसला तर कपॅसिटर संपला. मीटर डीसी अडवत नसेल तर ०.१ मायक्रोफॅरॅड, ६३० व्होल्टचा कपॅसिटर सिरीजला घ्यायचा.

रिपल ठीक आणि तरी १०० हर्ट्‌झ? मग आउटपुट जोडी बघा. पुशपुलमध्ये (दोन आउटपुट ट्यूब आळीपाळीने काम करतात तिथे) सप्लायचा रिपल आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये आपापसात कापला जातो, पण दोन्ही ट्यूब सारख्या ओढत असतील तरच. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर लावला की १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. एकीकडे ३५ आणि दुसरीकडे २२ आलं, तर कपॅसिटरला दोष देऊ नका.

आम्हाला सगळ्यात जास्त छळलं ते दुसऱ्याने ‘रिपेअर’ केलेल्या अँपनी. पहिल्या कपॅसिटरची निगेटिव्ह वायर थेट ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपला (वाइंडिंगच्या मधल्या टोकाला) जायला हवी. सोय म्हणून ती इनपुट जॅकजवळच्या चॅसिसला (पत्र्याच्या सांगाड्याला) टेकवली, की चार्जिंगचे सगळे झटके प्रीअँपच्या (इनपुटकडच्या टप्प्यांच्या) ग्राउंडमधून धावतात आणि नवे कपॅसिटर असूनही खरखरीत घूं सुरू. तसंच, जीझेड३४ या रेक्टिफायर ट्यूबच्या पुढे ६० मायक्रोफॅरॅडपेक्षा जास्त टाकू नये. ‘जास्त म्हणजे चांगलं’ म्हणून १०० टाकलेले आम्ही काढले आहेत, सोबत मेलेला रेक्टिफायरही.

५० हर्ट्‌झच्या बाबतीत बायसचा छोटा कपॅसिटर आधी बघा. बऱ्याच अँपमध्ये बायसला एकच डायोड असतो, म्हणून तिथला रिपल ५० चा. व्होल्टेज निगेटिव्ह असल्याने या कपॅसिटरचा पॉझिटिव्ह पाय ग्राउंडला जातो; सवयीने उलटा लावला की फुगलाच. हीटरच्या ६.३ व्होल्टला सेंटर टॅप नसेल तर दोन्ही वायरींवरून ग्राउंडला १००-१०० ओहम, अर्धा वॅट, आणि वायरी पीळ घातलेल्या.

दुकानात शांत आणि मंडपात घूं, असं असेल तर अँपला हात लावू नका. न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज मोजा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा सुकतो. पाणी घातलं की फरक मीटरवर दिसतो. हम घालवायला थ्री-पिनची अर्थ पिन तोडलेला अँप आम्ही ती जोडल्याशिवाय परत देत नाही, त्यावर वाद घालू नये.

जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, चॅसिसमध्ये त्याहून बरंच जास्त. इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. म्हणून ८५ अंशांचा माल आम्ही बंद केला. १०५ अंश, ५०० व्होल्टचाच बसवतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला तरी आधी गळती (लीकेज करंट) तपासतो, वर्षानुवर्षं पडून राहिलेला नगही नव्या वेष्टनात येतो.

दुरुस्त अँप चार तास तापवून, पुन्हा रिपल मोजून देतो. पाठवताना ट्यूब काढून वेगळ्या गुंडाळा, कोणती कुठली ते लिहा, आणि स्पीकर न जोडता अँप कधीही चालू करू नका.